जोड दिसत नाही

सोमवार, ६ जानेवारी

चहाचं भांडं सापडलं, म्हणजे घर लागलं असं मी धरते. पुस्तकांची खोकी अजून दारातच आहेत. नाशिकच्या गंगापूर रोडची ही दोन खोल्यांची जागा पहिल्या नजरेतच आवडली होती, आज राहायला आल्यावर जास्तच आवडली. खिडकीसमोर पेरूचं झाड आहे आणि पोपटांनी त्यावरचे पेरू अर्धे अर्धे खाऊन ठेवलेत. सकाळी नळाचं पाणी हाताला चावत होतं. सांगलीत अशी थंडी मला आठवत नाही.

डेंटल कॉलेजात इतकी वर्षं हिरड्यांचा विषय शिकवला. शेहेचाळिसाव्या वर्षी ती नोकरी सोडून परक्या गावी खासगी दवाखान्यात जावं का, यावर मी एवढा खल केला की वेदिका शेवटी फोनवर म्हणाली, आई, तू प्रश्नपत्रिका काढणं बंद कर आणि एकदाचा पेपर लिही. लेक पुण्याला हॉस्टेलवर, नवरा नाही, मग अडवणारं होतं तरी कोण? मीच.

दवाखाना सातपूरला, कारखान्यांच्या रस्त्यावर आहे. शिफ्ट सुटली की बाहेर मोटरसायकलींचा लोंढा लागतो. मालक डॉ. प्रफुल्ल माझ्याहून बरेच लहान, बोलके, उत्साही. दात बसवण्यात त्यांचा हात चांगला आहे, पण हिरडी उघडून हाडाचं काम करायला त्यांना माणूस हवं होतं. मदतीला प्रतिभाताई, माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या.

रोज सकाळी मखमलाबादहून सगुणाबाई नावाच्या बाई देवाच्या तसबिरीसाठी झेंडू घेऊन येतात. स्वतःच्या मळ्यातली फुलं. आज त्यांनी मला विचारलं की हाडाचं काम करणार त्या तुम्हीच का. हो म्हटल्यावर एक फूल माझ्या हातावर ठेवलं. परक्या गावात पहिल्याच दिवशी कुणी असं काही दिलं की बरं वाटतं.

गुरुवार, ९ जानेवारी

आज प्रफुल्लनी ती बाटली दाखवली. फ्रीजमध्ये, लहानशी, आत रव्यासारखी पांढरी पूड. माणसाचं हाड.

हे काम मी शेकडो मुलांना शिकवलं आहे, तरी फळ्यावर आकृती काढताना मला प्रत्येक वेळी त्याचं नवल वाटायचं. दाताभोवतीचं हाड झिजून खड्डा पडतो, दात हलायला लागतो. हिरडी बाजूला उचलायची, मूळ घासून स्वच्छ करायचं, खड्ड्यात दुसऱ्याच्या हाडाची पूड भरायची आणि वर एक पातळ पडदा अंथरून टाके घालायचे. पडदा कशासाठी? हिरडी घाईची असते, मोकळी जागा दिसली की तीच आत वाढते. हाड सावकाश वाढतं. पडदा त्या घाईला बाहेर ठेवतो आणि हाडाला वेळ देतो. दुसऱ्याची पूड हळूहळू विरते, तिच्या जागी आपलं हाड येतं. निदान पुस्तकात तसं लिहिलेलं आहे.

ही पूड विकतची नाही. प्रफुल्लच्या एका मित्राचं हाडांचं हॉस्पिटल आहे. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा गोळा कापून काढतात. तसा एका म्हाताऱ्या माणसाचा गोळा यांनी मागून घेतला आणि बाहेरून पूड करून, रीतसर निर्जंतुक करून आणवला. पहिलीच बाटली आहे, अजून कुणाला वापरलेली नाही.

घरच्यांना विचारलं होतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, मॅडम, कापलेलं अपेंडिक्स कुणी डब्यात घालून घरी नेतं का? कचऱ्यातच जाणार होतं ते. मला हसू आलं. घरी आल्यावर वाटलं, हसायला नको होतं. मी प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मिळालं नव्हतं.

बुधवार, १५ जानेवारी

डावा गाल फुगला आहे. वेदिकाने फोटो मागितला, पाठवला नाही.

माझ्या खालच्या डाव्या दाढेमागे कित्येक वर्षांचा खड्डा आहे. घरगुती बनावटीची पूड रुग्णाला द्यायची तर आधी ती स्वतःच्या तोंडात असायला हवी, असं मी ठरवलं. प्रफुल्ल म्हणाले, मॅडम, तुम्ही म्हणजे नैवेद्याआधी भाजी चाखणाऱ्या. पण तयार झाले. मी खुर्चीत आडवी, हातात आरसा, बोटांनी खुणा करून सांगत होते आणि ते करत होते. विद्यार्थी म्हणून मी त्यांना पास केलं असतं. टाका जरा ओढून घालतात, एवढंच.

पूड रक्तात कालवून भरताना एक क्षण विचित्र वाटलं. जखम बधिर होती, तरी आत काहीतरी जागेवर बसल्यासारखं वाटलं. भाड्याच्या घरात नवा माणूस येऊन पिशवी खाली ठेवतो, तसं. भूल देणारी औषधं डोक्यात असले विचार आणतात.

संक्रांतीचा तिळगूळ मात्र तसाच डब्यात राहिला.

शनिवार, २५ जानेवारी

माझे टाके काढले. जखम देखणी भरली आहे. या आठवड्यात त्याच बाटलीतून दोघांवर काम केलं. बाटलीत अजून अर्ध्याहून जास्त पूड आहे.

पहिला कुंदन, इथल्याच एका कारखान्यात लेथवर आहे. पूड दुसऱ्या माणसाच्या हाडाची आहे हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, चालेल मॅडम, फक्त आमच्या सुपरवायझरचं नको, आधीच तो डोक्यात बसलाय. प्रतिभाताईंना मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

दुसरी तेजल. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये माल तपासते. मे महिन्यात लग्न आहे आणि खालचा पुढचा दात हलतो. फोटोत तोंड मिटून हसायला लागेल म्हणून रडली होती. तो दात राहील असं मी तिला सांगितलं. मी सहसा असा शब्द देत नाही.

खुर्ची मात्र नीट करून घ्यायला हवी. दोघांचंही डोकं काम संपता संपता डावीकडे कलायला लागलं. मी सरळ करायची, ते पुन्हा कलायचं. आज टाके काढताना माझंही कललं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कुंदनचा एक्स-रे पाहून प्रफुल्लनी पेढे मागवले. मी खाल्ला नाही.

जे हाड भरायला सहा-नऊ महिने लागतात, ते भरून आलं आहे. पूर्ण. दोनदा फिल्म तपासली, नाव तपासलं. खड्डा कुठे होता ते सांगता येत नाही. तेजलचंही तसंच. माझंही. प्रफुल्ल म्हणतात, निबंध लिहा मॅडम, परिषदेत वाचू. मला आनंद का होत नाही, हे मी दिवसभर स्वतःला विचारते आहे. माझ्या हाताला एवढं यश कधीच आलेलं नाही. कदाचित म्हणूनच.

खुर्ची दुरुस्त करणारा येऊन गेला. दोष नाही म्हणाला. तरी मी हट्टाने खुर्ची उलटी फिरवून बसवून घेतली, पाय होते तिकडे डोकं.

कुंदन त्या खुर्चीत आडवा झाला. डोकं उजवीकडे कललं.

म्हणजे दिशा तीच. आधीही आणि आताही त्याचं तोंड पूर्वेच्या भिंतीकडे.

सोमवार, १० फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं. मी जे पाहिलं तेवढंच लिहीन.

कुंदन आणि तेजल दोघांना आज तपासणीला बोलावलं होतं. मी बाहेरच्या खोलीत आले तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसले होते. समोर टीव्ही चालू होता. दोघांचंही तोंड बाजूच्या रिकाम्या भिंतीकडे होतं. एकमेकांची ओळख नाही, बोलणं नाही. मी हाक मारली तेव्हा दोघांनी डोळे माझ्याकडे वळवले, मान नाही.

त्याच वेळी सगुणाबाई फुलं घेऊन दारात उभ्या होत्या. त्या भिंतीकडे बघत नव्हत्या. आमच्याकडे बघत होत्या, एकेकाकडे, मळ्यात रोपं मोजावीत तशा. कुंदनकडे, तेजलकडे, मग माझ्याकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा गाल दाराच्या चौकटीला टेकलेला आहे आणि मीही त्याच भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

कुंदनने जाताना सांगितलं की जबडा दुखत नाही, पण ओढल्यासारखा वाटतो. लहानपणी आजा बोट धरून बाजारात न्यायचा तसा, म्हणाला. त्याने आज एकही विनोद केला नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुपारी स्कूटरवर घरी निघाले. सातपूरहून गंगापूर रोड, रोजचा रस्ता. भान आलं तेव्हा अशोक स्तंभाच्या सिग्नलला उभी होते. घर केव्हाच मागे राहिलं होतं. मागून हॉर्न वाजत होते. हँडल सरळ होतं. मी सरळच चालले होते, खाली उताराकडे, जिकडे सगळे गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या रामकुंडावर, जातात तिकडे.

परत फिरायला मान वळवावी लागली. हाताने वळवावी लागली.

वेदिकाला सांगावं का? काय सांगू? तिला वाटेल आई एकटी पडली. मलाही तेच वाटलं असतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

कुंदन गेला.

काल भर दुपारी, रामकुंडावर. मेव्हण्याचा फोन आला. कुंदन पायरीवर पालथा झोपला होता, पाणी पीत असल्यासारखा, तोंड पाण्यात. गर्दी होती, लोक पिंडदान करत होते, कुणी लक्ष दिलं नाही. शेजारी कुणी फुलवाली त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती म्हणे, त्यामुळे लोकांना वाटलं घरचंच माणूस आहे. त्याला पोहता येत होतं. पाणी गुडघाभर होतं.

संध्याकाळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी प्रफुल्लना विचारलं, तुम्ही याचा जबडा कापला होता का? एका बाजूचं हाड नाही. जखम नाही, फोड नाही, हिरडी शाबूत. आत हाड नाही.

प्रफुल्ल पेढ्यांचा रिकामा खोका हातात घेऊन बसले होते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सगुणाबाईंना मी आत बोलावलं. कुंदनचं सांगितलं. त्यांना माहीत होतं. मग त्या खाली बसून बोलल्या.

त्यांचे यजमान पुंजा. झेंडूच्या मळ्यात पडले, खुबा मोडला. ऑपरेशन झालं. काढलेलं हाड बाईंनी मागितलं, तर वॉर्डातला माणूस हसला आणि म्हणाला, ते दाताच्या डॉक्टरांनी नेलं. दिवाळीनंतर पुंजा वारले. अस्थी रामकुंडात सोडल्या. तिथे अस्थी विरतात, सगळ्या मुलखातून लोक त्यासाठीच येतात. यांच्या विरल्या नाहीत. मुलगा दिवसभर पाण्यात उभा होता. तुकडे पुन्हा पुन्हा पायरीशी येत राहिले. गुरुजी म्हणाले, अस्थी अपुरी आहे. त्यानंतर बाई दवाखान्याचा पत्ता शोधत आल्या आणि फुलं द्यायला लागल्या. म्हणजे पहिल्या दिवशी माझ्या हातावर ठेवलेलं फूल कुणासाठी होतं?

तुम्ही आधीच का सांगितलं नाही, असं मी विचारलं. माझा आवाज चढला असावा.

त्या म्हणाल्या, "सांगून काय केलं असतं बाई? तुमी मला यक गोळी लिहून दिली असती."

हे खरं आहे. मी तेच केलं असतं.

मग म्हणाल्या, "त्यांना घरी न्हाय यायचं. त्यांना जायचं हाय. वाट अडलीय त्यांची."

मी काय करू, विचारलं.

"बाटलीतलं द्या आधी."

मी हो म्हटलं. फक्त तीन दिवस मागितले. आधी तेजलच्या तोंडातलं काढायला हवं, मग सगळं एकदमच देता येईल. मी घातलं, मीच काढणार.

गुरुवार, २० फेब्रुवारी

तेजलला खुर्चीत घेतलं. प्रफुल्लनी दोन्ही तळव्यांत तिचं डोकं धरलं होतं. ती ओढत नव्हती, तिचं डोकं ओढत होतं.

हिरडी उघडली. हाड सुंदर होतं. गुळगुळीत, जिवंत, कापलं की रक्त येणारं. पुंजाचं कुठे संपतं आणि तेजलचं कुठे सुरू होतं, ते मी शोधत राहिले. भिंगातून पाहिलं, प्रोबने चाचपलं. माझ्या व्यवसायात यशाची खूण हीच: जोड दिसत नाही. मी तेच शिकवलं, तेच परीक्षेत विचारलं.

कुठे कापायचं? सगळा जबडा?

टाके घातले. काही न काढता. तेजलने विचारलं, निघालं का मॅडम? मी म्हटलं, बघू या.

बघू या. असं म्हटलं मी.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दुपारी सगुणाबाईंबरोबर रामकुंडावर गेले. प्रफुल्लनी बाटली दिली, ते स्वतः आले नाहीत. पूड पाण्यावर पडली आणि मीठ विरतं तशी विरली, तरंगसुद्धा उठला नाही. बाई पदर तोंडाला लावून रडल्या. हसल्याही. पाण्याकडे बघून म्हणाल्या, "निम्मं झालं हो. जरा कळ काढा."

मला वाटलं, शोकात बोलतात माणसं.

पण मान सरळ झाली! घरापर्यंत सरळ आले. भाकरी खाल्ली. पोपट पाहिले. वेदिकाशी खूप वेळ बोलले, लग्नाला नेसायची म्हणून तेजलसाठी पैठणी घ्यायची आहे असंही बोलून गेले. तेजलला फोन केला, तीही म्हणाली की ओढ गेली.

संपलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

तेजल जेवणाच्या सुट्टीत पॅकहाउसमधून बाहेर पडली. द्राक्षांच्या टेम्पोत बसून नाशिकला आली. टेम्पोवाला म्हणतो, सारा वेळ समोर बघत होती, एक शब्द नाही. गंगेवर उतरली. शेजारी एक बाई होती, टोपलीवाली, तिने हात धरून पायऱ्या उतरवल्या.

तिच्या भावाने चेहऱ्याबद्दल सांगायला सुरुवात केली. मी फोन ठेवला.

मी शब्द दिला होता. दात राहील म्हणून.

आधी. बाटलीतलं आधी. मग बाकीचं. त्यांनी काही लपवलं नव्हतं. मी ऐकलं नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी, सकाळ

प्रफुल्लना सांगितलं, माझा जबडा कापा. डावी बाजू, दाढेपासून मागे, सगळी. रडले. मग मुंबईच्या एका सर्जनशी बोलले. ते येतायत. चारला. दवाखाना आज बंद, बाहेर शिफ्टसुद्धा नाही.

मी खुर्चीत आहे. तोपर्यंत मी उठून जाऊ नये म्हणून प्रतिभाताईंनी डोकं पट्टीने उशीला बांधून दिलं आणि चहा आणायला गेल्या. वही मांडीवर. ओळी वाकड्या येतायत, खाली दिसत नाही.

भीती वाटते. चेहरा जाईल, त्याची नाही. कापतील ते, पण जोड कुठे—

दार वाजलं.

प्रतिभाताई नाहीत. झेंडूचा वास.

सगुणाबाई. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, कुणीतरी माणूस आलं म्हणून. म्हणाल्या, पट्टी लय घट्ट बांधलीय. सोडली.

हात धरलाय. मला वाटलं थांबवायला—

माझ्या गालाशी बोलतात. माझ्याशी नाही.

"अहो, चला आता. हे शेवटचंच."

विनवलं मी. मला मुलगी आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, त्यांनाबी पोरं हायत बाई, बापाच्या सुटकेची रोज वाट बघत्यात. रागाने नाही म्हणाल्या. माझ्या केसांवरून हात फिरवला.

पाय आपोआप

रिक्षा. वही आहे हातात. लिहा म्हणतात, लिहा, काय हरकत न्हाय.

चार वाजतील. ते येतील, खुर्ची रिकामी

अशोक स्तंभ. उतार.

दुखत नाही आता. अजिबात. सोपं वाटतंय, हेच भयंकर

पाणी गार असेल का विचारलं. त्यांना गारच आवडतं, म्हणाल्या.

पायऱ्या. गुडघे टेकले—

वेदिका, ही वही मिळाली तर, मी माझ्या मनाने ना—